विसरले म्हणायचं नाही

सापाला, भुताला, सासूला भिणाऱ्या बायका जगात पुष्कळ असतील. पण ‘विसरले’ या एका शब्दाला भिणारी बाई देवाने एकच घडवली आणि ती नेमकी माझी थोरली जाऊ केली.

मी लग्न होऊन पिंपरीच्या कंपनी कॉलनीत आले तेव्हा वेणी गुडघ्यापर्यंत होती आणि अक्कल जेमतेम वेणीच्या गोंड्याएवढी. दोघे भाऊ एकाच कारखान्यात, दोन बिऱ्हाडं समोरासमोर. जाऊबाई रोज गाडीने पुण्याला एका मेडिकल कॉलेजात नोकरीला जायच्या. “वहिनी तिथं काय करतात हो?” मी नवऱ्याला विचारलं. “काप करते,” ते पेपरमधून म्हणाले. मला वाटलं, वांग्याचे. चार दिवसांनी कळलं, मेंदूचे. मेलेल्या माणसांचे मेंदू मेणात थिजवायचे, यंत्रावर पापडाहून पातळ काप काढायचे, रंगवून काचेवर बसवायचे. त्या दिवसापासून कितीतरी महिने मी त्यांच्या घरची काकडी तोंडात घातली नाही. जाऊबाईंच्या हाताला सवयच तशी लागलेली. चाकणचा कांदा त्या असा चिरायच्या की चकतीतून पलीकडची बातमी वाचता यावी, आणि एका हळदीकुंकवाला त्यांनी वाटलेली बर्फी निम्म्या बायकांनी खालच्या कागदासकट खाल्ली.

पण खरा दरारा त्या शब्दाचा. शेजारच्या बाई एकदा आमच्या ओट्यावर बसून सहज बोलून गेल्या, “अगं बाई, स्टोव्हवर दूध विसरले!” झालं. दूध उतू गेलं ते गेलंच, जाऊबाईंनी बाईंना हलू दिलं नाही. “काल भाजी कुठली केली होतीत? परवा? धाकट्या भाचीचं नाव काय?” बाई रडकुंडीला आल्या. पुढे पुढे कॉलनीतल्या बायका जाऊबाई समोरून येताना दिसल्या की “काल गवार, परवा दोडका” असं पुटपुटत वाट ओलांडायच्या. मी खिदळायची. मला हसायला कारण लागत नसे.

हसू थांबलं ते जाऊबाईंच्या रजेच्या एका दुपारी. पुरुषमाणसं पहिल्या शिफ्टला, आम्ही दोघी शेंगा फोडत बसलेल्या. “वहिनी, एवढं भ्यायचं काय त्यात?” असं मी विचारलं आणि त्या नेहमीप्रमाणे वर्गात शिकवल्यासारख्या सांगू लागल्या.

“पेशी म्हणजे एक घर समज. ती प्रथिनं बनवते, वापरते, मोडली की काढून टाकते. प्रथिन म्हणजे धागा. त्याची ठरलेली घडी पडली तरच तो कामाचा. काहींची घडी चुकते. मग ते धागे पातळाच्या निऱ्यांसारखे एकावर एक बसतात, चिकटतात. पेशीला ते मोडता येत नाहीत, बाहेर टाकता येत नाहीत. मेंदूत पेशींच्या मधे त्यांचे गोळे साचतात, पेशींच्या आत दुसऱ्याच धाग्यांचा गुंता होतो, आणि पेशी मरते.”

“मग?”

“मग आई पोटच्या पोरीला विचारते, तू कुणाची गं.”

त्यांच्या आईने पन्नाशीच्या आत तसं विचारलं होतं. बाहेरची बाधा म्हणून अंगारे झाले, लिंबं उतरवली. “घडी का चुकते?” मी विचारलं. “कुणालाच ठाऊक नाही. आईचा मेंदू कुणी पाहिला नाही. म्हणून मी दुसऱ्यांचे बघते. आणि आता माझी पन्नाशी फार लांब नाही.”

त्या रात्री मला झोप नाही. एवढ्या व्याख्यानातला एकच शब्द माझ्या डोक्यात राहिला: प्रथिन. शाळेत पाठ केलं होतं, प्रथिनं कशात? डाळी, दूध, शेंगदाणे. दुसऱ्या दिवसापासून मी सगळं सोडलं. वरण नाही, उसळ नाही, दुधाचा थेंब नाही. नवऱ्याला वाटलं, बायकोने कसलंसं व्रत धरलंय, तेही कौतुकाने बघत. भात-तूप आणि बटाट्यावर महिना काढला आणि पिंपरी कॅम्पात कापडाच्या दुकानात ब्लाउजपीस बघता बघता आडवी झाले. जाऊबाई सोबत होत्या. कारण ऐकलं आणि त्या भर दुकानात डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

“अगं बावळट, वरणातलं प्रथिन पोटात मोडून जातं! मेंदूतली पेशी स्वतःचं स्वतः विणते. तू उपाशी राहून तिचा हात सुधारणार होतीस?” मग हसू विरलं. माझा हात धरून हळूच म्हणाल्या, “पण तू भ्यालीस. बरं वाटलं गं. मी एकटीच होते.”

पुढच्याच शनिवारी मला कॉलेजात नेलं. सूक्ष्मदर्शकाखाली एक काप. कापडाला लावतात तसला लाल रंग चढवलेला. त्यांनी कसलीशी काच फिरवली आणि अंधारात ते साचलेलं कोवळ्या पानासारखं हिरवं चमकलं. “अय्या, किती सुंदर!” मी म्हणाले. “हो ना,” त्या म्हणाल्या, “आईच्या डोक्यातही हेच साचलं असणार.”

परतीच्या गाडीत त्यांनी वचन घेतलं. “धाकटे, माझं सुरू झालं की मला सांगायचं. हे सांगणार नाहीत, यांना दया येईल. मुलं रडतील. तू चोंबडी आहेस, तुझ्या पोटात काही राहत नाही. तू सांगशील.” माझ्या चोंबडेपणाला पहिल्यांदाच नोकरी लागली. मी छाती फुगवून हो म्हटलं.

पण ती नोकरी जिवावरची निघाली. त्यांच्या आमटीत मीठ दुप्पट पडलं की मला घाम फुटायचा. डोक्यावरचा चष्मा त्या घरभर शोधायला लागल्या की माझं जेवण तुटायचं. पन्नाशी सुखरूप गेली, एकोणीसशे ऐंशी साल उलटलं, मी सुटकेचा श्वास घेतला. मग एका सकाळी कारखान्याचा भोंगा वाजला. उभा संसार ज्याच्या तालावर केला, तो भोंगा. जाऊबाईंनी दचकून मला विचारलं, “हा कसला आवाज?”

आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या पोटात काहीतरी राहिलं. आठवडा गेला, दुसरा गेला. शेवटी मेथी निवडताना मान वर न करता म्हटलं, “वहिनी, सुरू झालंय.”

त्यांनी हातातली काडी खाली ठेवली. “नक्की?”

“भोंगा ओळखला नाहीत तुम्ही.”

निवडलेली पानं एका बाजूला सारली. मग गार पडलेल्या हाताने माझं मनगट दाबलं. “शाब्बास. दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.”

मला तिथे बसवेना. चहा टाकायला आत गेले, डोळे पुसले, कप घेऊन बाहेर आले. जाऊबाई शांतपणे मेथी निवडत होत्या. मला बघून जुन्या मास्तरकीच्या सुरात म्हणाल्या, “धाकटे, बस. एक वचन दे. माझं सुरू झालं की मला सांगायचं. हे सांगणार नाहीत.”

मी कप त्यांच्या हातात दिला. “सांगेन हो वहिनी. मी नाही तर कोण सांगणार?”

त्यांचा चेहरा निवळला, चहा प्यायल्या. मग ते वचन मी जवळजवळ रोज दिलं; खरं मात्र त्या दिवशी एकदाच सांगितलं. पुढे त्या मला ओळखेनाशा झाल्या, तरी माझाच हात धरून वचन मागायच्या. समोर कोण बसलीय ते कळत नसे. चोंबडी आहे एवढं मात्र कळत असावं.