यादीतलं अकरावं नाव

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच — ती बोरगावात अजून माझा पदवीचा फोटो पाहुण्यांना दाखवते. घराण्यातली पहिली पदवी. मलाही तिचा माज आहे, लपवू कशाला?

शिक्षणात आपला देश जगात कितवा, हे पेपरात येतं ना — तुम्ही वाचता? मी पान उलटते.

असे नंबर लावणाऱ्या एका परदेशी चाचणीवर मी मध्य प्रदेशातल्या सौंसरजवळच्या शाळेत निरीक्षक होते. दहावीची पोरं. नावं चिठ्ठ्या काढल्यासारखी वरूनच निवडून आलेली, हुशार-कच्चं न बघता. ती यादी जशीच्या तशी बसवायची, एवढंच माझं काम. एवढंच —

तिथल्या बडे सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, मला शिकवलेलं. कॉलेजचा फॉर्मही त्यांनीच भरून दिला होता. यादीतल्या चार नावांवर बोट ठेवून, आवाज न चढवता म्हणाले, "देशाचं नाव चाललं बाहेर. हे चार जण खाली ओढतील. गैरहजर लिहून टाक, बेटा."

मी नकार का दिला नाही? उपकार म्हणू? नाही. मलाही नंबर चांगलाच हवा होता.

त्या चारांत यादीतलं अकरावं नाव रोशनीचं. पेपर हिंदीत, तिच्या घरी मराठी. छापील हिंदी वाचताना ती अडखळायची. पण आदल्या दिवशी सरावाचं एक गणित मी आपल्या बोलीत सांगितलं, तर तिनं पेन न उचलता उत्तर दिलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. सगळं माहीत होतं.

सकाळी ती दोन पेनं घेऊन दारात उभी. "मॅडम, माह्यं नाव आलं न?"

यादी माझ्या हातात, अंगठा तिच्या नावावर. मी म्हणाले, नाही आलं.

"बरं झालं. मले काई येतच नाही," म्हणून ती हसली आणि गेली. पुढं तिनं शाळा सोडली, हे मला नंतर कळलं.

पेपरातल्या त्या आकड्यात ती चार पोरं नाहीत. आणखी किती शाळांत माझ्यासारखं कोणी होतं? पण दुसऱ्यांचं मला ठाऊक नाही. माझं ठाऊक आहे.

आधी हे सांगितलं तर नोकरी जाईल, ही भीती होती. आता पांढुर्ण्यात मी पहिलीला शिकवते, आणि यंदा रोशनीची मुलगी माझ्या वर्गात आहे. पहिल्याच दिवशी रोशनीनं फाटकात मला ओळखलं. "तुमीच न त्या परीक्षेच्या मॅडम? माह्यं नाव तवा नव्हतं आलं. पोरीचं येईन काय?"

येईल, म्हणाले. तेव्हापासून रोज शाळा सुटताना मी फाटकाकडे पाठ करून उभी राहते.

रोशनीचं नाव आलं होतं. अकरावं. त्यापुढं 'गैरहजर' लिहिलंय, ते अक्षर माझं.