आबांनी गाडीचं कर्ज मुदतीआधी मिटवलं

मंडळी, आज सकाळी वडिलांना, म्हणजे आबांना, घेऊन बारामतीच्या फायनान्स ऑफिसात गेलो होतो. गाडीचे दोन वर्षांचे हप्ते बाकी होते, पण नजर कमी झाल्यानं आबांनी गाडी चालवणं सोडलंय. कर्ज मिटल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही.

मुदतीआधी बंद करायचा जादा चार्ज भरला. तिथल्या साहेबांनी माझ्याकडं बघत विचारलं, "आता मुलाच्या नावावर का?"

आबा म्हणाले, "न्हाय, पोरीच्या. ती लासुर्ण्यावरनं रोज इंदापूरला दवाखान्यात ड्यूटीला जाती. एसटीसाठी ताटकळती."

मला हे माहीत नव्हतं. खरं सांगतो, क्षणभर मनाला लागलं. पण माझ्या दारात एक गाडी आहेच.

बाहेर येऊन ताईला मीच फोन केला. गाडी तिच्या नावावर होणार म्हटल्यावर तिनं विचारलं, "कागदं कुठली आणू?"

तुमच्या घरात बहिणीच्या नावावर गाडी आहे का?