काचेतल्या बायांचं गाऱ्हाणं

दशरथ मयेकर दहा महिन्यांनी बोटीवरून मुलुंडला परतला, की सोसायटीच्या जिन्याखाली पुरुषांची सभा भरायची. सभा कसली, लाळेरं बांधायची राहिलेली पाच-सहा बाप्ये माणसं! घरी बायकोनं दुसरा चहा नाकारला तर ब्र न काढणारे. त्यांना दशरथ युरोपातल्या अँटवर्प बंदराच्या गल्ल्या फिरवून आणायचा.

"शोकेसमधे साड्या लावतात ना, तशा बाया रे! काचेआड, लाल दिव्याखाली. बोटानं नुसतं असं केलं की दार उघडतं."

"आणि तू केलंस?" पोस्टातला बाळ विचारायचा. दर वर्षी.

"नाही तर काय, तिथं सत्यनारायणाला गेलो होतो?"

मालवाहू बोटीवर दशरथ खलाशांचं जेवण रांधायचा, हे मात्र तो सांगत नसे. ऐकणाऱ्याला वाटावं, सुकाणू याच्याच हातात! त्याचं जगपर्यटन म्हणजे कांद्याची पोती, भाताचं पातेलं आणि ताटाएवढी गोल खिडकी. त्या गल्ल्यांत खरं काय घडलं ते आता आपल्या एकट्यालाच आठवतंय, असा त्याचा समज होता.

चौऱ्याऐंशी साली त्याच्या बहिणीचं, मीराचं जमलं. मीरा एकोणतीस वर्षांची, वडील नाहीत, तीन स्थळं येऊन चहा-पोहे खाऊन गेलेली. हे चौथं घाटकोपरचं. मुलगा चंद्रप्रकाश, विमा कंपनीत. त्याचे वडील मार्तंडराव म्हणजे सुपारीचंही व्यसन नाही हे आल्यागेल्याला ऐकवणारे गृहस्थ. हेही स्थळ गेलं असतं तर मीराच्या वाट्याला बिजवर तरी आला असता की नाही, शंकाच.

साखरपुड्यासाठी गावाहून धोंडूमामा आले. म्हातारा देवभोळा. आल्या दिवशीच जिन्याखाली टेकला आणि अँटवर्पची सगळी यात्रा ऐकून हबकला.

"दशरथा, ह्या खरा?"

बाळ बघत होता. बाकीचे बघत होते. दशरथनं छाती काढली. "खरा तर! सतरा गल्ल्यो, मामा."

झालं. मामा जेवले नाहीत.

रविवारी सकाळी घाटकोपरच्या मंडळींसकट घर माणसांनी भरलं. मयेकरांकडे शुभकार्याआधी गाऱ्हाणं घालायची रीत. वडीलधाऱ्यानं नारळ हातात धरून देवाला साकडं घालायचं आणि दर वाक्याला घरच्यांनी एका सुरात हुंकार द्यायचा. देवापासून काही लपवायचं नाही. लपवलं तर कार्याला विघ्न. मामांनी नारळ उचलला.

"बा देवा म्हाराजा! आज मीराचा शुभकार्य ठरला हा, ता गोड करून घे!"

"व्हय म्हाराजा!"

"खय काय चुकला-माकला असात, ता पदरात घे!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या दशरथान थय परदेशात, काचेतल्या बायांच्या सतरा गल्ल्यांनी जी पापा केली, ती पोटात घाल!"

"व्हय म्हाराजा!"

लहानपणापासूनची सवय, जीभ विचारून थोडीच हलते! बाकीचे निम्म्यात अडखळले. खणखणीत, शेवटपर्यंत हुंकार दिला तो एकट्या दशरथनं.

मार्तंडरावांनी हातातला पेढा ताटलीत परत ठेवला. "चंद्रप्रकाश, चपला घाल."

मीरा आतल्या दाराशी उभी होती. ती भावाकडे नुसतं बघत राहिली. दशरथनं दाराकडे पाहिलं. तिथं बाळसकट सगळी सभा माना उंचावून उभी. एवढ्या वर्षांची ऐट आता यांच्यासमोर ओकायची!

"खोटं आहे हो ते," तो पुटपुटला.

"देवासमोर आत्ता हो म्हणालात," मार्तंडराव म्हणाले.

"सवयीनं हो! मी कुठे गेलोच नाही."

"कशावरून?"

तेव्हा त्याची बायको सुलक्षणा उठली. कपाटातून पत्रांचा गठ्ठा काढला, एक नेमकं उपसलं आणि बाराखडी वाचावी तसं वाचू लागली.

"'अँटवर्प. इथला कांदा गोडमिट्ट, कालवणाला चव नाही. पायाला भेगा पडल्यात. काल दुपारी सगळ्यांबरोबर त्या गल्लीत गेलो. काचेत एक बाई स्वेटर विणत होती, चष्मा लावून, थेट तुझ्या नलिनीआत्यासारखी. तिनं मान वर केली आणि मी घाबरून धावत बोटीवर आलो. चप्पल तिथंच राहिली. आमसुलं संपलीत, पार्सल पाठव.'"

 मग बायका अशा हसल्या की मामांच्या हातातला नारळ निसटला. मार्तंडरावांनी पत्र मागून घेतलं, पोस्टाचा शिक्का पाहिला, पाकीट पाहिलं. "मनुष्य मूर्ख आहे," ते मुलाला म्हणाले, "पण निर्व्यसनी आहे. चपला काढ." आणि पेढा उचलला.

साखरपुडा पार पडला. दशरथनं सुलक्षणाला स्वयंपाकघरात गाठलं. "तुला कळत होतं, मी खाली काय बरळतो ते?"

"अख्ख्या इमारतीला ऐकू यायचं. म्हटलं, तेवढंच सुख आहे माणसाला. ते पापड तळा."

पापड तळून तो बाहेर आला, तेव्हा जिन्याखाली कोणी नव्हतं. बाळ तर ओळख न दाखवताच निघून गेला; जणू दशरथनं त्याचंच काही चोरलं होतं. एक चंद्रप्रकाश तेवढा जिन्यात रेंगाळत होता. इकडेतिकडे पाहून तो जवळ आला.

"दादा, खरंच? एकसुद्धा नाही?"

"एकसुद्धा नाही."

"हॅत्!" भावी मेहुणे म्हणाले आणि पायऱ्या चढून गेले.