पस्तिसावरची रेघ

नळीएवढ्या यंत्राला डोळा लावून उजेडाकडे पाहिलं की आत वर निळं आकाश दिसतं आणि खाली दुधासारखा शुभ्र अवकाश. ते दोन रंग जिथे एकमेकांना भेटतात, ती रेघ पाण्यात मीठ किती ते सांगते. खाऱ्या पाण्यातले मासे पाळणाऱ्याला हे यंत्र हवंच. काचेवर टाकीतल्या पाण्याचे दोन थेंब ठेवायचे आणि रेघ पस्तिसावर आहे ना, ते पाहायचं. हजार भागांत पस्तीस भाग मीठ, म्हणजे झाला समुद्र! नांदेडच्या या तापलेल्या भिंतींच्या आत, जिथे समुद्राचा वारासुद्धा कधी पोचत नाही, तिथे मी वर्षभर असा एक हातभर समुद्र सांभाळला आहे.

हा हट्ट माझ्या बायकोचा, सुमनचा. उदगीरची ही मुलगी आयुष्यात एकदाच समुद्राला पाय लावून आली आणि उरलेलं आयुष्य त्याच्याविषयी बोलत राहिली. पुढे तिच्या मूत्रपिंडांनी दगा दिला, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जावं लागू लागलं आणि प्रवास संपले. मग मीच समुद्र घरी आणला. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे मिरवणाऱ्या दोन माशांना तिने नाव दिलं, पाव्हणे.

मी जन्मभर मोजणी खात्यात नोकरी केली. बांधावर हमरीतुमरीवर आलेले सख्खे भाऊ माझी साखळी जमिनीवर पडली की गप्प होत, याचा मला कोण अभिमान! तोच ताठा मी स्वयंपाकघरात नेला. डॉक्टरांनी तिचं मीठ तोडलं होतं, तेव्हा मिठाचा डबा मी माझ्या ताब्यात घेतला. टाकीसाठी बादलीत वाटी वाटी मीठ ढवळत असलो की ती खाटेवरून हसून म्हणे, "पाव्हण्यांची चैन हाय बाबा. घरच्या माणसाला मातर अळणी." मीही हसत असे. तिला ते हसण्यावारी न्यावं लागत होतं, हे मला कसं कळलं नाही?

मार्गशीर्षातल्या अवसेला तिच्या माहेरी येळवस असते. त्या दिवशी अख्खं गाव शेतात जातं, कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पूजा होते, आणि भाज्या-शेंगांच्या भज्जीबरोबर मडक्यातली आंबट, लसूण लावलेली आंबील पिताना माणसं पोटाला विचारत नाहीत. गेल्या येळवशीला तिला जाता येणार नव्हतं, म्हणून आंबील मी घरीच केली, बिनमिठाची. तिने एक घोट घेतला आणि वाटी माझ्यापुढे धरली. "अवो, चिमूटभर टाका की. येळवस हाय आज. एवढ्यानं काय हुतंय?" मी नाही म्हणालो. तिने वाटी खाली ठेवली आणि पुन्हा कधी मीठ मागितलं नाही. माघात ती गेली.

परवा टाकी साफ करायला मासेवाला दुकानदार आला होता. या यंत्राचं शून्य अधूनमधून लावून घ्यावं लागतं. निखळ पाण्याचा थेंब ठेवायचा आणि रेघ शून्यावर येईपर्यंत बारीक स्क्रू फिरवायचा. मी ते कसं करतो, हे त्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. बोअरचं पाणी चांगलं खळखळून उकळायचं, स्वच्छ धोतराच्या फडक्याने गाळायचं! तो कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, उकळून पाणी गेलं, मीठ तिथंच ऱ्हायलं की. आन तुमच्या बोअरचं पाणी तर आधीच लई खारं हाय." त्याने इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या पाण्याची नवी बाटली फोडली. मी थेंब ठेवून पाहिलं, तर रेघ शून्याच्याही खाली उतरलेली. स्क्रू फिरवून ती शून्यावर आणली आणि मग टाकीतलं पाणी घेतलं.

सदतीस.

म्हणजे ज्याला मी पस्तीस म्हणत होतो, ते वर्षभर सदतीस होतं. खाऱ्या पाण्यालाच शून्याचा दगड मानून मी मोजत आलो होतो! आणि पाव्हणे? ते मजेत होते. काचेशी येऊन, नेहमीसारखे तोंड उघडून दाणे मागत होते. दुकानदार म्हणाला, "घाबरू नका, एवढं त्यांना चालतंय. हळूहळू कमी करा."

तो गेल्यावर मी तिच्या रिकाम्या खाटेवर बसलो. त्या चिमटीने ती वाचली नसती आणि त्या चिमटीने ती गेलीही नसती, हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं. मग मी कुणाला राखत होतो, तिला की माझ्या मापाला? डॉक्टरांनी मनाई केली होती, असं भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आजवर सांगत आलो. ते खरंच आहे. पण डॉक्टर त्या दिवशी घरात नव्हते. वाटी तिने माझ्यापुढे धरली होती.