सातव्या मजल्यावरची कोपी

दसरा झाला की आमचं घर ट्रकात चढायचं. पत्रे, कोयते, बाजरीच्या पिठाची गोणी, शेळी आणि सगळ्यात वर मी. शिरूर कासारहून निघालेला ट्रक मांजरसुंब्याला चहापुरता थांबायचा आणि मग थेट कर्नाटकाच्या हद्दीवर, ऊसतोडीला. तिथे फडावर उसाच्या पाचटाची झोपडी, म्हणजे कोपी, घालून हंगामभर राहायचं. ट्रक सुटला की आई मागे वळून बघायची नाही. माझे वडील, अण्णा, तिला चिडवायचे, "हिला जायाची लई घाई."

पुढे मी बीडला शिकलो आणि पुण्यात नोकरीला लागलो. गावाकडच्या मंडळींनो, तुमच्यातले निम्मे आता इकडेच आहात, तेव्हा पुण्यातल्या भाड्याच्या घरांची थोरवी मी तुम्हाला काय सांगू? अण्णा गेले आणि आई शिरूरला एकटी राहिली. आमच्याकडे यायची, पण चार दिवसांत पिशवी भरून दाराशी उभी. का म्हणून विचारलं, तर करमत नाही एवढंच सांगायची. तिच्या काळजीने मला तिकडचा फोन वाजला तरी धस्स व्हायचं. म्हणून फ्लॅट घ्यायचं ठरलं तेव्हा माझी एकच अट होती. जिथे आई राहील, ते घर.

निवड दोन फ्लॅटमध्ये होती. एक सिंहगड रोडला, जुन्या इमारतीत. तळमजला, दारात जांभूळ, संध्याकाळी बाकावर गप्पा मारणाऱ्या बायका. दुसरा वाघोलीला, अजून रंगही न लागलेल्या टॉवरमध्ये, सातव्या मजल्यावर. माझ्या बायकोला, वैशालीला, नवा हवा होता. मी तिला ऐकवलं की आई लिफ्टमध्ये पाय ठेवणार नाही, तिला माती लागते, माणसं लागतात. आपली आई आपल्याला पुरती कळते, अशा तोऱ्यात मी होतो.

आईला घेऊन आधी जुना फ्लॅट पाहिला. बायकांनी तिला चहा पाजला, प्रेमाने सगळं समजावलं. गच्चीवर पापड कुणी कुठे वाळवायचे, बाकावर कोण कुठे बसतं, जांभळं कोण उतरवतं. आई मान डोलवत राहिली. मी वैशालीकडे बघून भुवया उडवल्या.

मग वाघोली. लिफ्टला आतून प्लायवूड ठोकलेलं, सगळीकडे ओल्या सिमेंटचा वास. आई लिफ्टमध्ये माझ्याआधी शिरली. वर शेजारच्या फ्लॅटना अजून दारंही नव्हती, तर ही खुशाल चारही घरांतून फिरून आली. मग तिने फ्लॅट दाखवायला आलेल्या बाईंना विचारलं, ही सगळी माणसं कधी येणार? बाई म्हणाल्या, सगळ्यांना किल्ल्या एकदमच मिळतील. आईने तिथेच फरशीवर बसकण मारली.

"मंग हेच घ्या," ती म्हणाली. "फडावर कोप्या घालताना कुनी जुनं नसायचं बघ. समद्यांच्या चुली एकाच दिशी पेटायच्या. त्या तितल्या बाया लई चांगल्या हायेत, पर तितं मी जलमभर पाव्हनीच ऱ्हाईन."

पाचटाच्या कोपीतून या बाईला बाहेर काढलं, याचा मला केवढा अभिमान होता. आणि ती दरवर्षी मोकळ्या रानात नवं गाव वसवायला निघत होती, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. वैशालीने मात्र त्या दिवशी मला घरी येईपर्यंत छळलं.

राहायला गेलो त्या आठवड्यात पाणी बंद पडलं. आईने स्वतःच्या घागरीतलं पाणी मजल्यावर वाटलं, नागपूरच्या ताईंच्या बाळाला आंघोळ घातली आणि केरळच्या आजींना हातवारे करून भाकरी शिकवली. आता सोसायटीच्या ग्रुपवर तिचे आवाजी निरोप फिरतात. टँकर आला रं, बादल्या काढा. अध्यक्ष कोण आहेत हे पुष्कळांना ठाऊक नाही, पण शिरूरच्या आजी सगळ्यांना ठाऊक आहेत.

मागच्या महिन्यात ती भाचीच्या लग्नाला गावी गेली. सगळ्यांना भेटून निवांत ये, असं मीच सांगितलं होतं. आठवडा झाला नाही तोच शिरूरच्या स्टँडवरून फोन आला. का गं, काय झालं, असं मी विचारलं.

"काय न्हाई," आई म्हणाली. "करमंना. घरी निगाले."