हेंकभाईला मी सांगितलेलं ‘हो’

रत्नागिरी-रायगडहून आखातात आलेल्या माझ्या भावांनो, बहिणींनो, आपल्यापैकी कितीजण आईबापाच्या मातीला पोचले?

मी नाही पोचलो. तुमच्यातलेही बहुतेक नाहीत.
सुट्टी मागितली होती. मिळाली नाही.

आज ज्याच्यासाठी लिहितोय तो आपल्यातला नव्हता. हेंक, हॉलंडचा. काल गेला. त्याच्या मुलीचा मेसेज आज सकाळी आला.

हेंक प्रोफेशनल सायकलपटू होता. रस्त्यावरचा नाही, सायक्लोक्रॉसचा.
ही शर्यत हिवाळ्यात होते, शेतातून, चिखलातून. उभा चढ आला, ओंडका आडवा आला की उतरायचं, सायकल खांद्यावर टाकायची आणि धावत सुटायचं. तासभर हेच.

टीम त्याला फक्त सीझनपुरतं सांभाळायची. म्हणून साठच्या दशकात एका उन्हाळ्यात तो दुबईला आला, पाइपलाइनवर फिटर म्हणून. तेव्हा यूएई हे नावसुद्धा नव्हतं. आमच्या कॅम्पभोवती नुसती वाळू.

मी त्याच कंपनीत क्लार्क. इंग्रजी शाळेतली, अरबी मदरशातली. त्यामुळे दुभाषाही मीच.

काम सुटलं की हा गडी सायकल खांद्यावर घेऊन वाळूच्या टेकडीवर धावायचा. खाली यायचा. पुन्हा वर.

आमचे दापोलीचे स्वयंपाकी मुसाचाचा पातेलं घासता घासता ओरडायचे, “अरे, हेंकभाई सायकलला खांदा देतोय! मय्यत कधी झाली तिची?”

हेंक मला विचारायचा, “काय म्हणतायत?”
“म्हणतात, छान धावतोस.”

असा मी दुभाषा.

कंपनीच्या कागदावर कामाची मुदत दोन वर्षं होती. हेंकला तोंडी सांगितलेले सहा महिने. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत.

सप्टेंबरात तो मला घेऊन मॅनेजरकडे गेला. ऑक्टोबर संपायच्या आत त्याला घरी पोचायचं होतं. टीमने बजावलं होतं: पहिल्या शर्यतीला नसलास, तर तुझी जागा दुसऱ्याची.

मी सगळं अरबीत सांगितलं.
मॅनेजर मान वर न करता म्हणाला, “इन्शाल्ला.”

“काय म्हणाला?”
“हो म्हणाला.”

मी खोटं बोललो नव्हतो.
शब्दाचा अर्थ ‘अल्लाची मर्जी असेल तर’, पण आमच्या घरी आई इन्शाल्ला म्हणाली की ते काम व्हायचंच. अल्लाचं नाव घेऊन शब्द फिरवायचा नसतो, हे आम्हाला दुधाबरोबर पाजलेलं. ऑफिसात त्याच शब्दाचा अर्थ ‘आता निघा’ असा होतो, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

हेंकने त्याच दिवशी टीमला पत्र टाकलं. येतोय.
टेकडीच्या फेऱ्या दुप्पट केल्या.

ऑक्टोबर संपला. पासपोर्ट बाहेर आला नाही.
नोव्हेंबरात दोन ओळींचं उत्तर आलं. जागा दुसऱ्याला दिली होती.

एकोणतिसाव्या वर्षी करिअर खलास.

मी त्याच्या खोलीत गेलो. म्हणालो, “आमच्या घरी त्याचा अर्थ हो असाच होतो रे.”
त्याने सायकलची चेन पुसून काढली. मग म्हणाला, “मग तुझं घर चांगलं असणार.”

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दोन वर्षं भरून तो परत गेला. टीमने पुन्हा घेतलं नाही. सायकलच्या दुकानात लागला. हिवाळ्यात शर्यती बघायला जातो, दोरीच्या बाहेर उभा राहतो, असं त्याने एकदा लिहिलं होतं.

त्यानंतर वर्षभराने मला तार आली. आई सिरियस.
मी त्याच टेबलासमोर उभा राहिलो.
“इन्शाल्ला,” मॅनेजर म्हणाला.
या वेळी भाषांतराची गरज पडली नाही.

आज सकाळी दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या फ्लॅटमध्ये नातीने मला मोबाइल हातात धरून बसलेलं पाहिलं, वाकून हेंकच्या मुलीचा मेसेज वाचला.
“दादा, वॉज ही फेमस?”
“नाही गं.”
“देन व्हाय आर यू क्राइंग?”



टॉवर उभे राहिले, मेट्रो आली. आणि तुम्ही अल ऐनमधून, मोहम्मद बिन झायद सिटीमधून फोन करून मला तेच सांगता. “अंकल, साहेब बघतो म्हणाले.” “पुढच्या महिन्यात, इन्शाल्ला.”
कोणीतरी आपला नकार अल्लाच्या नावामागे लपवतो, आणि आपण ‘शुक्रन’ म्हणून, वर त्याचेच आभार मानून, केबिनमधून बाहेर येतो! लाज कोणाला वाटायला हवी? त्याला की आपल्याला?

मी आयुष्यभर आपल्या मेळाव्यांच्या मंचावरून हेच ओरडलो. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. बदललं काहीच नाही. बदलेल असंही आता वाटत नाही.

हेंक, तुझ्या मुलीला मी सगळं खरं लिहून कळवलंय. माफी मागायला तू उरला नाहीस. मातीत नीट नीज, मित्रा.

आणि तुम्ही सगळे: उद्या ऑफिस उघडताच सुट्टीचा अर्ज लेखी द्या. त्याच कागदावर ‘हो’ किंवा ‘नाही’, दोनातला एकच शब्द, साहेबांच्या सहीने लिहून घ्या. तो कागद हातात आल्याशिवाय केबिनमधून हलू नका.