वझ्यांच्या बंद पेट्या

वझे ऑफिसात आले की बूट काढून आधी सर्व्हरच्या खोलीत जायचे. यंत्राच्या पाठीवर तळहात ठेवायचे, "ताप नाही," असं आम्हाला सांगायचे आणि मगच चहा घ्यायचे. उत्तरेत, निशातगंजमधल्या त्या कंपनीत मराठी आम्ही दोघंच. ते कॉम्प्युटरवाले, मी हिशेबातला. माझं कॉम्प्युटरचं ज्ञान म्हणजे बंद करून पुन्हा चालू करणे.

त्यांचा सर्व्हर एकच आणि साधा, पण मेल, फायली, हजेरी, छपाई, सगळा संसार त्याच्यावर. प्रत्येक गोष्ट वझ्यांनी स्वतः बसवलेली. बाजारात तेव्हा एकेका कामापुरत्या तयार पेट्या येऊ लागल्या होत्या. मेलची वेगळी, फायलींची वेगळी. वझे नाक मुरडायचे. "झाकण उघडायचं नाही म्हणे! बिघडली तर फोन करा आणि हात जोडून बसा. हे यंत्र आहे की जावई?"

पुढे ऑफिसात घरून काम करायची मुभा मिळाली. त्यासाठीची जोडणीही वझ्यांनीच त्या सर्व्हरवर करून दिली. मी घरून काम करायचो म्हणजे मीटिंग ऐकत मटार सोलायचो. बायको म्हणायची, "ऑफिसलाच जा. तिथे लोकांना तुमची सवय आहे." सगळ्यांना घरी राहता येत होतं, फक्त वझ्यांना नाही. सर्व्हर मधूनच अडायचा आणि त्यांचा हात लागल्याशिवाय हलायचा नाही.

त्याच सुमारास त्यांच्या पत्नीचा, सुमनवहिनींचा, कॅन्सर पसरला. डॉक्टरांनी "आता घरी न्या" म्हणून सांगितलं. वझ्यांनी साहेबांकडे घरून काम मागितलं.

"वझे जी, आप तो हमारी जान हैं," साहेब म्हणाले. "आप घर बैठ गए तो यहाँ सब ठप हो जाएगा."

पुढच्या मीटिंगमध्ये वझे स्वतःच म्हणाले, सर्व्हर काढा, तयार पेट्या घ्या. मी त्यांना जिन्यात गाठलं.

"अहो, पायावर धोंडा पाडून घेताय! पेट्या आल्यावर इथे तुमची गरज कुणाला?"

"तिला आहे," वझे म्हणाले.

पेट्या आल्या आणि वझे ऑफिसचा लॅपटॉप घेऊन विकास नगरला घरून काम करू लागले. मी भेटायला गेलो तर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, यांना घेऊन जा हो. दिवसभर टक लावून बघतात. अशानं माणसानं मरावं तरी कसं?"

पेट्या मुकाट चालत राहिल्या. थंडीत साहेबांनी वझ्यांना बोलावलं, निरोपाची शाल घातली आणि ऑफिसचा लॅपटॉप ठेवून घेतला. "हिला सांगू नका," वझ्यांनी मला बजावलं. दुसऱ्या दिवसापासून ते पलंगाशेजारी मुलीचा जुना लॅपटॉप उघडून काम करत असल्याचं सोंग करू लागले. होळीच्या आधी वहिनी गेल्या.

तेराव्याला, काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो, "निदान नोकरी गेल्याचं वहिनींना कळलं नाही."

"पहिल्याच दिवशी कळलं," वझे म्हणाले. "म्हणाली, हा ऑफिसचा नाही, आपल्या पोरीचा आहे. मिटा तो, माझ्याशी बोला."

"मग?"

"मी म्हटलं, थांब, एवढा एक मेल टाकतो. मग शेवटपर्यंत तेच म्हणत राहिलो."